इंग्रजीच्या शिक्षकाची निवड : चेहरा, आडनाव आणि उच्चार

खासगी शाळेत किंवा भाषावर्गात इंग्रजीचा शिक्षक नेमताना निवड समितीपुढे खरे तर एकच प्रश्न असायला हवा, की या उमेदवाराला मुलांना इंग्रजी शिकवता येते किंवा नाही; परंतु जगभरच्या खासगी शिक्षणव्यवसायात त्याच्याही आधी दुसरा एक प्रश्न विचारला जातो, आणि तो म्हणजे हा उमेदवार इंग्रजीच्या शिक्षकासारखा दिसतो काय, बोलतो काय, तशा घरातला वाटतो काय. पहिल्या प्रश्नाचे उत्तर वर्गात उभे राहिल्यावर मिळते. दुसऱ्याचे उत्तर मात्र छायाचित्र, आडनाव आणि तोंडून बाहेर पडलेली पहिली दोन वाक्ये यांवरून मिळाल्यासारखे वाटते. प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन असे आहे, की सोलमधल्या शिकवणी-संस्थेत भारतीय शिक्षकाला बाजूला सारणारी कसोटी आणि बुलढाणा जिल्ह्यातल्या एखाद्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत वऱ्हाडी वळणाच्या उमेदवाराला बाजूला सारणारी कसोटी ही एकाच पूर्वग्रहाची दोन रूपे आहेत. पहिल्याला जग वंशभेद म्हणून ओळखते, दुसऱ्याला कोणी नावच देत नाही, आणि त्यामुळे त्याला जाब विचारणेही अवघड होते.

पूर्वग्रहाचे उघड रूप आधी पाहिले म्हणजे झाकलेले रूप ओळखणे सोपे जाते. दक्षिण कोरियात शाळेनंतर मुले ज्या खासगी शिकवणी-संस्थांत जातात त्यांना 'हागवोन' म्हणतात, आणि तेथे इंग्रजी शिकवण्यासाठी परदेशी व्यक्तीला सामान्यतः 'ई-२' नावाचा व्हिसा लागतो, जो अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सातच देशांच्या नागरिकांना मिळतो. इंग्रजीत एम.ए. करून वीस वर्षे शिकवलेल्या भारतीय प्राध्यापकाला त्या संस्थांचा हा नेहमीचा दरवाजा बंद असतो, आणि अध्यापनाचा कसलाही अनुभव नसलेला, कोणत्याही विषयातला परदेशी पदवीधर केवळ पारपत्राच्या बळावर आत जातो. इतक्यावर हे थांबत नाही. अर्जासोबत छायाचित्र मागण्याची प्रथा तेथे रुळलेली असल्यामुळे, त्याच सात देशांत जन्मलेल्या पण कृष्णवर्णीय किंवा आशियाई वंशाच्या उमेदवारांना डावलले जाण्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे होत आल्या आहेत. न्यू जर्सीत जन्मलेला, घरात मराठी आणि बाहेर इंग्रजी बोलत वाढलेला तरुण कागदोपत्री पूर्णपणे पात्र ठरतो आणि छायाचित्रापाशी अडतो. येथे भाषेची अट ही प्रत्यक्षात कातडीच्या रंगाची अट होते, हे निराळे सिद्ध करण्याची गरज उरत नाही.

या प्रथेच्या मुळाशी असलेल्या समजुतीला भाषाशिक्षणशास्त्रात नाव आहे. रॉबर्ट फिलिप्सन यांनी १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या भाषिक साम्राज्यवादावरील ग्रंथात, भाषेचा आदर्श शिक्षक म्हणजे ती जन्मभाषा असलेला माणूस, ही समजूत 'जन्मभाषक-भ्रम' या अर्थाच्या संज्ञेने नोंदवली आणि तिला शास्त्रीय आधार नसल्याचे दाखवले. त्याच वर्षी हंगेरीचे भाषाशिक्षणतज्ज्ञ पेटर मेज्येश यांनी एका गाजलेल्या लेखात असा मुद्दा मांडला, की ज्याने स्वतः ती भाषा शिकून मिळवली आहे, त्याला विद्यार्थी कुठे अडखळेल हे आधीच ठाऊक असते, आणि विद्यार्थ्याची मातृभाषा त्याला येत असेल तर अडखळण्याचे कारणही तो सांगू शकतो. इंग्रजीच्या शिक्षकांची 'टेसॉल' ही आंतरराष्ट्रीय संघटना १९९२ पासून अशा नेमणूक-भेदाच्या विरोधात जाहीर भूमिका घेत आली असून २००६ साली तिने ती पुन्हा ठामपणे मांडली. सिद्धान्ताच्या पातळीवर हा वाद निकालात निघाल्याला तीस वर्षे उलटली आहेत; तो जिवंत आहे तो बाजारात.

तथापि येथे एक शंका प्रामाणिकपणे घेतली जाते, आणि तिला तितकेच प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. आम्ही चेहरा पाहत नाही, आम्ही फक्त उच्चार ऐकतो, असे नेमणारे सांगतात, आणि बहुधा ते मनापासून सांगतात. अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठात डोनाल्ड रुबिन यांनी केलेला आणि १९९२ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग या ठिकाणी मुळातून समजून घेण्यासारखा आहे. विद्यार्थ्यांच्या गटांना एका व्याख्यानाची ध्वनिफीत ऐकवण्यात आली. आवाज एकाच स्त्रीचा, ओहायो राज्यात वाढलेल्या, जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्या अमेरिकन स्त्रीचा होता. ध्वनिफीत चालू असताना समोर एक छायाचित्र होते: काही विद्यार्थ्यांपुढे गोऱ्या स्त्रीचे, तर काहींपुढे तशाच पोशाखातल्या पूर्व आशियाई चेहऱ्याच्या स्त्रीचे. ज्यांनी आशियाई चेहरा पाहिला त्यांच्यापैकी अनेकांना त्या आवाजात परकी ढब ऐकू आली, जी त्यात अजिबात नव्हती. आणि त्याहून गंभीर गोष्ट अशी, की व्याख्यानातला मजकूर किती समजला हे तपासणाऱ्या चाचणीतही त्यांचे गुण कमी पडण्याकडे कल दिसला. याचा अर्थ असा, की उच्चार केवळ कानाने ऐकला जात नाही. बोलणारा कोण आहे याविषयीची कल्पना ऐकण्याच्या आधीच कामाला लागलेली असते. मग समोर आडनाव, गाव आणि जातीचा दाखला ठेवून मुलाखत घेणाऱ्या समितीला केवळ उच्चार ऐकू येतो, हे म्हणणे कोणत्या आधारावर मान्य करायचे?

भारतात हा प्रश्न नवा नाही. तो इंग्रजी शिक्षणाबरोबरच आला. जगदीशचंद्र बोस १८८५ साली कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात अध्यापक म्हणून रुजू झाले तेव्हा त्याच पदावरच्या युरोपीय अध्यापकापेक्षा त्यांना कमी वेतन देऊ करण्यात आले, आणि या भेदाच्या निषेधार्थ त्यांनी तीन वर्षे वेतनच स्वीकारले नाही. पुढे शिक्षणखात्याची रीतसर विभागणी झाली: वरची 'इंडियन एज्युकेशनल सर्व्हिस' ही प्रामुख्याने इंग्लंडात भरली जाणारी आणि जवळजवळ युरोपीयांचीच, तर खालची प्रांतिक सेवा भारतीयांसाठी. वरिष्ठ सरकारी सेवांविषयीच्या ली आयोगाच्या १९२४ च्या शिफारशींनंतर त्या वरच्या सेवेची भरती थांबली. शिक्षकाची लायकी त्याच्या जन्मस्थानावरून ठरवणारी व्यवस्था कागदावर मिटली खरी, परंतु वरचे इंग्रजी बाहेरून येते आणि खालचे इथले असते, ही तिने घालून दिलेली उतरंड मिटली नाही; तिच्या वरच्या पायरीवर साहेबाच्या जागी इथलाच शहरी, उच्चवर्णीय, कॉन्व्हेंटमध्ये शिकलेला माणूस आला.

शिक्षक कोण असावा, हा प्रश्न जातीच्या बाजूने मांडण्याचे पहिले मोठे श्रेय महात्मा जोतीराव फुले यांच्याकडे जाते. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शाळांतले शिक्षक जवळजवळ सगळे ब्राह्मण असल्याकडे लक्ष वेधले, आणि प्रशिक्षित शिक्षक शक्य तेथे शेतकरी वर्गातून तयार करावेत, अशी मागणी केली. या मागणीत रोजगाराच्या वाट्याइतकेच शिक्षणशास्त्रही आहे, याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही: जो शिक्षक मुलांत मिसळण्यात कमीपणा मानत नाही आणि ज्याला त्यांच्या घरची स्थिती कळते, तो त्यांना अधिक चांगले शिकवतो, हे त्यामागचे तत्त्व आहे. मेज्येश यांनी शंभराहून अधिक वर्षांनी इंग्रजीच्या बाबतीत जे सांगितले त्याच्याशी ते थेट जुळते. वऱ्हाडात हीच दिशा डॉ. पंजाबराव देशमुख यांनी संस्थेच्या रूपाने पुढे नेली. ऑक्सफर्डची डॉक्टरेट घेऊन परतलेल्या शेतकऱ्याच्या या मुलाने १९३२ साली अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली, आणि तिच्या शाळा-महाविद्यालयांतून बुलढाणा जिल्ह्यातल्या चिखलीसारख्या गावांतही बहुजन घरांतली मुले केवळ विद्यार्थी म्हणून नव्हे, तर पुढे शिक्षक म्हणूनही वर्गात आली.

वंशभेद आणि जातिभेद यांना एका वाक्यात आणणे काहींना खटकेल, म्हणून थोडा खुलासा आवश्यक आहे. वंशभेद निर्मूलनाचा आंतरराष्ट्रीय करार संयुक्त राष्ट्रांनी १९६५ साली स्वीकारला आणि भारताने १९६८ साली त्याला मान्यता दिली. त्याच्या पहिल्याच कलमात वंश आणि वर्ण यांच्याबरोबर 'कुळ' म्हणजे जन्मपरंपरा हाही भेदाचा आधार म्हणून नमूद आहे. या कराराची अंमलबजावणी पाहणाऱ्या समितीने २००२ साली जातीवर आधारलेला भेद त्यात मोडतो असे स्पष्ट केले, तर भारत सरकारने जात म्हणजे वंश नव्हे, ही आपली भूमिका कायम ठेवली. जात आणि वंश यांचा उगम एक नाही, हे मान्यच आहे. पण नेमणुकीच्या टेबलापाशी दोन्हींचे काम एकाच रीतीने चालते, कारण दोन्हींत माणसाच्या कामाआधी त्याचा जन्म तपासला जातो.

आता बुलढाणा जिल्ह्याकडे वळता येईल. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवली जाऊ लागली, आणि २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा कायद्यानंतर, म्हणजे सरकारी अनुदान न घेता स्वतःच्या खर्चाने शाळा चालवण्याची वाट मोकळी करणाऱ्या कायद्यानंतर, इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळा तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचल्या. खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकर अशा गावांतल्या शेतकरी, दुकानदार आणि नोकरदार पालकांनी पोटाला चिमटा काढून मुलांना या शाळांत घातले. अशा शाळांच्या आणि 'स्पोकन इंग्लिश' वर्गांच्या जाहिरातींत पदवी, बी.एड. याबरोबर कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्यास प्राधान्य, व्यक्तिमत्त्व आकर्षक हवे, संभाषण अस्खलित हवे, अशा अटी नित्य वाचायला मिळतात. त्यांतली एकही अट जातीचे नाव घेत नाही. परंतु जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकून, अमरावती विद्यापीठातून एम.ए. आणि बी.एड. केलेल्या, सिंदखेडराजा किंवा संग्रामपूर तालुक्यातल्या मजुराच्या मुलीला यांतली पहिलीच अट ओलांडता येत नाही, कारण तिच्या जन्माच्या वेळी तिच्या गावात कॉन्व्हेंट नव्हते आणि असते तरी फी परवडली नसती. बालपणीची गरिबी येथे अपात्रता म्हणून मोजली जाते, आणि या जिल्ह्यात गरिबी कोणत्या जातींच्या वाट्याला अधिक आली हे वेगळे सांगायला नको.

उरलेले काम मुलाखतीत होते. वऱ्हाडात वानखडे, इंगळे, तायडे अशी कित्येक आडनावे अनेक जातींत आढळतात. त्यामुळे नुसत्या आडनावावरून उलगडा होत नाही, आणि मग 'गाव कोणतं?', 'वडील काय करतात?', 'सोयरे कुठले?' असे प्रश्न अगदी सहज, जिव्हाळ्याच्या सुरात विचारले जातात. इंग्रजी विषयाशी या प्रश्नांचा काडीचाही संबंध नसतो. सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी खासगी कंपन्यांच्या भरती-अधिकाऱ्यांशी बोलून २००७ साली जो अभ्यास मांडला त्यात, गुणवत्तेचा कैवार घेणारे हेच अधिकारी 'कौटुंबिक पार्श्वभूमी' किती आवर्जून विचारतात, हे दिसून आले. दिल्लीच्या कंपनीत जे इंग्रजीत विचारले जाते तेच वऱ्हाडात वऱ्हाडीत विचारले जाते.

उच्चाराचा मुद्दा जरा बारकाईने पाहण्याजोगा आहे. वऱ्हाडी बोलीत 'ण' च्या जागी 'न' येतो, पाण्याचे पानी होते, आणि 'ळ' च्या जागी 'य' येऊन डोळ्याचा डोया होतो. इंग्रजीत 'ळ' नाही आणि 'ण' हा स्वतंत्र ध्वनीही नाही. म्हणजे वऱ्हाडी माणसाची जी वैशिष्ट्ये पुण्याच्या कानाला सर्वांत आधी जाणवतात त्यांचा इंग्रजीवर परिणाम होण्याचे कारणच नाही. उलट ज्या ठिकाणी मराठी माणसाचे इंग्रजी लंडनपासून दूर जाते तेथे पुणे आणि मेहकर एकाच जागी उभे असतात: 'थिंक' मधला पहिला ध्वनी दोघेही मराठी 'थ' सारखाच काढतात, 'टेबल' मधला 'ट' दोघांचाही मूर्धन्य, म्हणजे जीभ मागे वळवून काढलेला असतो, आणि वाक्यातला आघात दोघांचाही मराठीच्याच चालीवर पडतो. तरीही एकाचे इंग्रजी 'चांगले' आणि दुसऱ्याचे 'गावंढळ' ठरते. हा निवाडा इंग्रजीवर आधारलेला असू शकत नाही. तो उमेदवाराच्या मराठीवरून, चालण्या-बसण्यावरून आणि कपड्यांवरून केलेला असतो आणि इंग्रजीच्या खात्यावर टाकलेला असतो.

वर्गात काय घडते ते पाहिले म्हणजे या निवाड्याची किंमत कळते. पाचवीतले मूल जेव्हा 'मला दोन भाऊ आहेत' हे वाक्य इंग्रजीत सांगू पाहते, तेव्हा ते 'मी टू ब्रदर्स आर' असे काहीतरी बोलते. मराठी न येणारा किंवा ती आपल्याला येते हे दाखवण्यात कमीपणा मानणारा शिक्षक हे वाक्य चूक म्हणून खोडतो आणि बरोबर वाक्य पाठ करून घेतो. ते आठवडाभर टिकते. मुलाची बोली जाणणारा शिक्षक मात्र ओळखतो, की मुलाने मराठी वाक्याची रचना जशीच्या तशी ठेवून फक्त शब्द बदलले आहेत, मराठीत मालकी 'असणे' ने दाखवतात आणि इंग्रजीत तिच्यासाठी 'हॅव' हे वेगळे क्रियापद लागते. म्हणून तो फळ्यावर दोन्ही वाक्ये शेजारी लिहितो, कर्ता कुठे गेला ते दाखवतो आणि मुलांकडूनच बैल, वही, बहीण अशी दहा वाक्ये करून घेतो. हे कौशल्य पदव्युत्तर पदवीत मिळत नाही आणि कॉन्व्हेंटमध्येही मिळत नाही. ते दोन भाषांच्या मध्ये स्वतः धडपडलेल्या माणसाकडे असते. ग्रामीण जिल्ह्यातल्या शाळेला याहून मोलाची पात्रता दुसरी नाही, आणि नेमकी तीच आज उणीव म्हणून मोजली जाते.

भेदभाव होतो हे केवळ भावनेने म्हटले जाते, असा आक्षेप घेणाऱ्यांसाठी मोजलेला पुरावा उपलब्ध आहे. वऱ्हाडातलेच, अमरावती जिल्ह्यात जन्मलेले अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात यांनी पॉल ॲटवेल यांच्यासह केलेला आणि २००७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या बाबतीत पायाभूत आहे. वृत्तपत्रांतल्या ५४८ जाहिरातींना उत्तर म्हणून एकूण ४,८०८ अर्ज पाठवण्यात आले. शिक्षण आणि अनुभव सारखाच, फरक नावाचा: उच्चवर्णीय हिंदू, दलित किंवा मुस्लीम. उच्चवर्णीय नावाला पुढच्या टप्प्यासाठी बोलावणे येण्याची शक्यता १ धरली, तर दलित नावाच्या बाबतीत तिचे गुणोत्तर ०.६७ आणि मुस्लीम नावाच्या बाबतीत ०.३३ आढळले. अभिजित बॅनर्जी, मारियान बर्ट्रांड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात केलेल्या दुसऱ्या प्रयोगाचा निष्कर्ष या व्याख्यानाच्या विषयाला अधिकच जवळचा आहे: सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांत नावामुळे लक्षणीय फरक दिसला नाही, परंतु कॉल सेंटरच्या नोकऱ्यांत उच्चवर्णीय नावांना झुकते माप मिळाल्याचे दिसले. संगणकाची आज्ञावली चालते किंवा चालत नाही. तेथे कौशल्य तपासण्याचे साधन स्वतंत्र असते. बोलण्याच्या कौशल्याला असे साधन वापरले नाही, की ती रिकामी जागा पूर्वग्रह भरून काढतो. इंग्रजीच्या शिक्षकाची नेमणूक ही याच दुसऱ्या प्रकारात मोडते.

कायद्याची बाजू दुबळी आहे, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. महाराष्ट्र खासगी शाळांतील कर्मचारी अधिनियम १९७७ आणि त्याखालील १९८१ ची नियमावली यांत पात्रता, राखीव जागा आणि सेवाशर्ती यांच्या तरतुदी आहेत, आणि बडतर्फ झालेल्या किंवा पदावनत केलेल्या शिक्षकाला शाळा न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. पण ज्याला नेमलेच नाही त्याला या न्यायाधिकरणाचे दार उघडत नाही. अनुदानित शाळांसाठी २०१७ पासून 'पवित्र' ही संगणकीय भरतीप्रणाली आली आणि अभियोग्यता चाचणीच्या गुणांना महत्त्व मिळाले, हे चांगलेच झाले. स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा आणि भाषावर्गांचा मोठा पट्टा मात्र संस्थाचालकांच्या मर्जीवर राहिला. ब्रिटनने १९६८ पासून आणि अमेरिकेने १९६४ पासून खासगी नोकरीतला वंशभेद कायद्याने निषिद्ध ठरवला; भारतात खासगी नेमणुकीतला सर्व प्रकारचा भेद रोखणारा असा सर्वंकष कायदा अजून झालेला नाही.

पालकांनाच तसा शिक्षक हवा असतो, असे संस्थाचालक सांगतात, आणि यात तथ्य आहे. परंतु सोलचा संस्थाचालकही गोऱ्या चेहऱ्याचे समर्थन याच शब्दांत करतो, आणि त्याला भारतातून कोणी मान्यता देणार नाही. पालकाची इच्छा मुलाला इंग्रजी यावे ही असते. ते कशाने येते हे त्याला सांगण्याची जबाबदारी शिक्षणसंस्थेची आहे, आणि पालकाच्या न्यूनगंडावर शाळेची जाहिरात उभारणे हा त्या जबाबदारीचा त्याग आहे.

नेमणुकीची ही रीत बदलण्यासाठी मुंबई-दिल्लीच्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. जिल्ह्यातल्या प्रत्येक संस्थेला येत्या भरतीपासूनच जाहिरातीतून कॉन्व्हेंटची आणि व्यक्तिमत्त्वाची अट काढता येईल. पहिल्या छाननीत अर्जावरचे नाव, गाव आणि छायाचित्र झाकता येईल, राखीव जागांची पडताळणी कार्यालयाने स्वतंत्रपणे करावी. मुलाखतीच्या आधी वीस मिनिटांचा नमुना पाठ खऱ्या मुलांपुढे घेऊन, त्याचे गुण आधीच लिहून ठेवलेल्या निकषांवर प्रत्येक परीक्षकाने वेगवेगळे द्यावेत. आणि वडिलांचा व्यवसाय व सोयरीक विचारणे समितीने ठरावाने बंद करावे. यांतल्या एकाही गोष्टीला पैसा लागत नाही. बुलढाणा जिल्ह्यातल्या संस्थाचालकांनी हे निकष आपल्या सूचनाफलकावर लावावेत, आणि पालकांनी प्रवेशाच्या वेळी फीचा तक्ता मागतात तसे तेही मागावेत.